शेवटचं गाव येईस्तोवर

बाई, यंदाच्या दसऱ्याला नातू गादीवर बसणार आहे. सहा वर्षांचा आहे. त्याच्यामागे मोरचेल घेऊन कोण उभं राहणार, यावर घरात कालपासून वाद चाललाय आणि मला तुमच्याशिवाय दुसरं कुणी सुचत नाही. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली, हे मला ठाऊक आहे. उगाच डोळे वटारू नका.

आमची जमीनदारी माझ्या जन्माआधीच कायद्यानं गेली होती. ती बातमी फक्त तुमच्यापर्यंत कुणी पोचवली नव्हती. एटापल्लीच्या पलीकडच्या त्या कौलारू घरात आम्ही माणसं नऊ, त्यांत एक आचारी. पण राणीआजीच्या माहेरून तिच्यासोबत आलेल्या तुम्ही, तिच्या खास बाई, त्या नऊ माणसांचा दरबार डोळ्यांत तेल घालून सांभाळत होता. चारचौघांत मला म्हणायच्या, "राजेसाहेब, इकडं यावं." दाराआड गेलं की, "काऊन रे पोट्ट्या, नाक कोन पुसन तुह्यं?" माझी आई लवकर गेली, तेव्हा नाक तुम्हीच पुसत होता. पदरानं, आणि असं जोरात की ते हातात येईल असं वाटायचं. फार राग आला की तुम्ही गोंडीत शिरायच्या, आणि मग मात्र मी पळायचो. मला तुम्ही फार आवडायच्या, बाई. हे तेव्हा सांगायला हवं होतं, पण राजपुत्रानं असलं काही बोलू नये, हेही तुम्हीच शिकवलेलं.

दसऱ्याला बारा गावांचे पाटील यायचे, आजही येतात, आणि गादीवरच्याच्या हातात आपट्याचं सोनं देतात. बारावं गाव सोनं देईस्तोवर गादीवरच्यानं उठायचं नाही. उठला, तर राहिलेलं गाव त्यानं सोडलं, असा अर्थ होतो. मी सात वर्षांचा असताना माझी पाळी आली आणि तुम्ही महिनाभर आधीपासून अंगणात तालीम सुरू केली. मी पालथ्या पायलीवर, समोर कोंबड्या. "हे पह्यलं गाव. मान हालव. हे दुसरं. दात नोको दाखवू." बारावं गाव म्हणजे ती लंगडी कोंबडी. ती दाणे टिपत टिपत सगळ्यांत शेवटी यायची, आणि ती आल्याशिवाय तुम्ही मला पायलीवरून उठू द्यायच्या नाहीत. एकदा ती आलीच नाही, कुंपणाबाहेर गेली. मी जेवणाच्या वेळेपर्यंत बसून.

दसऱ्याच्या दिवशी अगदी तसंच झालं. दुपारपर्यंत अकरा गावं आटोपली, बाराव्याचा पाटील मात्र भरल्या नाल्यापलीकडं अडकला. दिवस कलला. तुम्ही सकाळपासून माझ्यामागे उभ्या, मोरचेल हलवत. उभी राहणारीनं पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी रीत. दोनदा तुम्ही ओसरीवर जाऊन वाट बघून आलात आणि दोन्ही वेळा मला दटावून गेलात, "हालू नोको, मी आलीच." दुसऱ्यांदा आलात तेव्हा मी म्हटलं, "बाई, लागली."

"दाब."

"कवापासून दाबून राह्यलो ना."

"अजून दाब. राजा हायेस तू."

तेवढ्यात फाटकातून पाटील आला. धोतर वर खोचलेलं, आणि देवाची करणी बघा, पायात काटा भरल्यामुळे तोही लंगडत. मला ती कोंबडी आठवली. मी हसू दाबायला गेलो आणि बाकीचं सुटलं.

पाटील सोनं द्यायला वाकला होता. गादीवर ओला डाग पसरत होता. तुम्ही काय केलंत? शेजारचा हात धुवायचा पितळी गडवा उचललात आणि अख्खा माझ्या मांडीवर पालथा केलात. "अगो माय, हात सुटला!" पाटील एवढा आनंदला की दोन्ही हातांनी सोनं देत म्हणाला, "राजा भिजला! आता औंदा पानी कमी नाई पडत." बारावं गाव आपल्याकडंच राहिलं. आजीला मात्र काही कळलं नाही. भर दरबारात ती म्हणाली, "चाळीस वर्षं उभी राह्यली अन् गडवा सांभाळता येत नाई तुले?" तुमच्या हातातलं मोरचेल तिनं काढून घेतलं आणि दारात उभ्या असलेल्या आचाऱ्याच्या हाती दिलं. तुम्ही खाली मान घालून आत गेलात. मी ओल्या चड्डीत गादीवर बसून.

पुन्हा तुम्ही कधी त्या जागी उभ्या राहिला नाहीत. आजीला खरं सांगायला माझ्याकडं बारा वर्षं होती. रोज सांगू म्हणायचो आणि रोज लाज वाटायची. ती गेल्यावर मी मोठ्या ऐटीत मोरचेल तुमच्यापुढं धरलं, तर तुम्ही म्हणालात, "जिनं नेलं तिनंच द्यावं. तू कोन?"

आचाऱ्याशी मात्र तुम्ही मरेस्तोवर बोलला नाहीत. मोरचेल त्याच्याकडं गेलं म्हणून, असं सगळे समजायचे. मला एकट्याला तुम्ही खरं कारण सांगितलं होतं. "मोरचेल गेलं तं गेलं. पन गादीमांगं झाकून ठेवला होता मी सरबताचा तांब्या, दिवसभर घसा वाळला होता माह्या, अन् थो मेला तेवढा पिऊन बसला!" आणि माझं नाक पुसत म्हणालात, "तुह्यं काई नाई चुकलं, लेकरा. भेलं होतं पोट्टं."

मी राजुऱ्याच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत तीस वर्षं बसतोय. रांगेतला शेवटचा माणूस विचारून जाईस्तोवर उठत नाही. लोक म्हणतात, राजेसाहेबांची ही खानदानी सवय. कोंबड्यांचं मी कुणाला सांगत नाही. सगळ्या गाड्या मला तोंडपाठ, पण हे पत्र कुठल्या गाडीत टाकू, ते मला सांगता येत नाही. म्हणून ते गादीखालीच राहील. गादीवर बसवण्याआधी नातवाला मी स्वतः दोनदा बाहेर नेऊन आणीन, आणि मागे मोरचेल घेऊन मीच उभा राहीन.

एक राहिलं. आचारीही आता तिकडंच आहे. भेटला तर त्याच्याशी बोला, बाई. मी भ्यालो नव्हतो. तुम्ही ओसरीवर गेलात तेव्हा तो तांब्या मी संपवला होता, एक घोटही न ठेवता.