गाडी उभी आहे

४ जानेवारी, रविवार
आली. छत्रपती संभाजीनगरहून स्वतः चालवत आणली. समृद्धीने नाही, जालना-सिंदखेडराजाच्या जुन्या रस्त्याने. समृद्धी सरळसोट आहे, तिथे चालवण्यासारखं काय? लाल रंग. दोन दारं, दोन सीट, वर कापडी टप. १९९९ची. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, स्क्रीन नाही. इंजिन, चार चाकं आणि मी. ज्या डेंटिस्टकडून घेतली तो किल्ली देताना रडला. (नंतर तो फोनवर हसत बोलत होता. वेगळा विषय असावा.)

सुचिताने दिवाळीत घेतलेली पांढरी गाडी शेजारीच उभी आहे. तिच्यात फळ्याएवढा पडदा. लेन सोडली की टुंग. मेहकर रोडवर मुळात लेन आहे कुठे? मी तेवीस वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतोय. घर्षण काय असतं ते मला पडद्याने सांगू नये. खरी गाडी रस्ता तळहाताला कळवते.

कालची बातमी लिहायची राहिली. सुचिताला शिक्षिकेची शाळांची केंद्रप्रमुख म्हणून बढती मिळाली. जागा सोनाळा. म्हणजे आमच्या डोणगावपासून जिल्ह्याचं पार दुसरं टोक. दोन फेब्रुवारीला हजर व्हायचं. ती नकार देईल. तसा अर्ज असतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्याशिवाय ती कधी आठवडाभरही राहिलेली नाही. (तिच्या आईच्या आजारपणात दोन महिने राहिली होती. ते धरत नाही.)

संकल्प: रोज कॉलेजला लाल गाडीनेच. रोज संध्याकाळी सुचिताला एक फेरी. महिनाभरात सोनाळा विसरेल.

६ जानेवारी
कॉलेजला गेलो. थंडी. टपाच्या फटीतून वारा, कान बधिर. पोरं गोळा झाली, हसली. कौतुकाने. गाडीतून उतरायला दोन सहकाऱ्यांची मदत लागली. सीट जमिनीच्या जवळ आहे, स्पोर्ट्स कारचं ते लक्षणच आहे. संध्याकाळी कमरेला बाम.

फेरी झाली नाही. कमरेमुळे.

९ जानेवारी
सुचिताला पहिली फेरी. बसताना म्हणाली, "पर्स कुठं ठेवू?" म्हटलं, मांडीवर. पंधरा मिनिटं फिरवून आणली. इंजिनच्या आवाजात बोलणं होत नाही. समाधान तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. डोक्याला स्कार्फ होता, त्यामुळे चेहरा नीट दिसला नाही, पण समाधान दिसत होतं.

घरी येऊन तिने केस धुतले.

१४ जानेवारी, संक्रांत
शेजारच्या बेबीताई तिळगूळ घेऊन आल्या. अंगणात थबकल्या. "सर, हे गाडी हाय का चप्पल?" मी हसलो नाही. मग सुचिताकडे वळून, "काऊन वो वहिनी, सोनाळ्याले खोली भेटली का?"

मी स्पष्ट सांगितलं, ती जाणार नाही. सुचिता वाटीत तिळगूळ मोजून घालत होती. म्हणजे तिचंही तेच मत. खोलीचं बेबीताईंच्या डोक्यात कुठून आलं कळत नाही. बायका काहीही बोलतात.

१८ जानेवारी, रविवार
क्लचची वायर तुटली म्हणून लाल गाडी पुंजाजी मिस्त्रीच्या गॅरेजला. मेहकरला लग्न होतं, नाइलाजाने पांढऱ्या गाडीतून गेलो. सुचिता चालवत होती. परतताना पडद्यावर कपाचं चित्र आलं. विश्रांती घ्या म्हणे. मला हसू आवरेना.

ती म्हणाली, "थकली का म्हणून मले विचारणारं हेच एक हाय घरात."

तिला समजावून सांगितलं की गाडी विचारत नसते. स्टिअरिंग किती वेळा हललं, किती वेळ चाललं, हे नुसतं मोजते. त्याला भावना म्हणत नाहीत. डोणगाव येईपर्यंत समजावलं, उदाहरणांसह. तिने ऐकून घेतलं. अंगणात गाडी लावली आणि म्हणाली, "मोजते तरी."

विषय तिला नीट कळलेला नाही. पुन्हा घ्यावा लागेल.

२१ जानेवारी
आज विजय. दुसऱ्या गिअरला किंचित टिकटिक होती. पुंजाजीला ऐकू येईना. मी सांगितलं, व्हॉल्व्हचा आवाज आहे. उघडलं, तेच निघालं. पुंजाजी म्हणाला, "सर, तुमचा कान म्हणजे डाक्टरचं मशीन हाय बे!" मग जीभ चावून, "म्हणजे, हाय सर." जेवताना सुचिताला सांगितलं. ती म्हणाली, "हाव, त्या गाडीचा आवाज बदलला तं तुमाले दोन खोल्या सोडून समजते."

या गाडीवरून तिने केलेलं हे पहिलं कौतुक. मुद्दाम नोंदवून ठेवतो.

जेवणानंतर लेकीचा, पायलचा पुण्याहून फोन. विचारत होती, आईचा घसा कसा आहे? मी म्हटलं, बसलाय थोडा, कालपासून. ती म्हणाली, "बाबा, तीन आठवडे झाले."

२५ जानेवारी, रविवार
बढती नाकारण्याचा अर्ज तयार केला. कारण: कौटुंबिक अडचण. फक्त सही बाकी. सुचिताच्या डब्याच्या पिशवीवर ठेवला.

संध्याकाळी अर्ज फ्रिजवर सापडला. सहीची जागा कोरी. मागच्या बाजूला तिच्या अक्षरात यादी: छोटी शेगडी, तवा, चादर एक, उशी एक, ताट-वाटी एक, बॅटरी.

पाठकोरा कागद वाया घालवायचा नाही, ही तिची जुनी सवय. यादी कशाचीही असू शकते.

२९ जानेवारी
नवी योजना. हजर व्हायला मीच तिला नेणार, लाल गाडीने. साडेतीन-चार तासांचा रस्ता. अंतर अंगाला कळलं की ती आपोआप म्हणेल, नको हे. पांढऱ्या गाडीत अंतर कळतच नाही, तोच तर धोका.

मला वाटलं, नाही म्हणेल. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "खरंच न्याल?" मी म्हटलं, हो. "सामान?" म्हटलं, सामान नंतर. "मले अकराच्या आत पोचा लागते. पयला दिवस हाय." शब्द दिला. अकराच्या आत.

मग तिने चहा केला, मी न मागता. ओट्याशी उभी राहून म्हणाली, लग्नानंतर मेहकरच्या शाळेत तिला सोडायला मी लुनावरून जायचो, पहिला आठवडाभर. मला आठवेना. ती लुना टू-स्ट्रोक होती आणि पिकअप चांगला होता, हे आठवलं. ते सांगितलं.

१ फेब्रुवारी, रविवार
दिवसभर गाडीची तयारी. तेल, पाणी, हवा, पॉलिश. सुचिताने साडीला इस्त्री केली, निळी. पायलचा फोन. "बाबा, आई खूश आहे. प्लीज, उद्या नीट न्या तिला." मी तिला विचारलं, मी नीट कधी नेलं नाही? तिने विषय बदलला.

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपार.
झालं ते जसं झालं तसं लिहितो.

साडेसहाला निघालो. मेहकर सोडलं. हायवेवर ट्रकांच्या मागे चालायला ही गाडी बनलेली नाही. जानेफळच्या अलीकडे मी आतला रस्ता धरला. वळणाचा. सुचिताने विचारलं, "इकून काऊन?" म्हटलं, दहाच मिनिटं, गाडी काय चीज आहे ते कळेल तुला. खरंच कळत होतं. तिसऱ्या गिअरला काय ओढत होती! मी सुचिताकडे पाहिलं. ती घड्याळाकडे पाहत होती.

पुढे रस्त्यावर तूर पसरलेली. आपल्याकडे रीतच आहे, गाड्या वरून गेल्या की शेंगा फुटतात. शेतकऱ्याला मदत. सुचिता म्हणाली, "हळू. नाई तं कडेनं घ्या." कडेने घ्यायला मी काय पडदा बघून चालवतो? मी सरळ घातली.

आपली गाडी जमिनीपासून वीतभर, हा मुद्दा त्या क्षणी डोक्यात नव्हता. तुराट्या खालून गुंडाळत गेल्या. आधी खरखर, मग वास, मग धूर. गाडी ढिगाच्या बरोबर मधोमध थांबली. एक म्हातारी काठी घेऊन धावत आली. झुंबरबाई नाव, पुढे कळलं. "अरे ए भाऊ! हे गाडी हाय का वखर? माही सारी तूर वढून नेली ना!" आणि तिने पिण्याच्या पाण्याची कळशी सरळ सायलेन्सरवर ओतली. आग लागली नाही, ती तिच्यामुळे. तिथे कोणतं यंत्र कामाला आलं नाही. हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे.

मी गाडीखाली शिरलो. सुचिता निळ्या साडीचा पदर खोचून झुंबरबाईसोबत सांडलेल्या शेंगा गोळा करत होती. झुंबरबाईने तिला विचारलं, "बाई, हा तुहा नवरा हाय का डायवर?" आणि सुचिता हसली. मोठ्याने. हे हसणं मी किती दिवसांनी ऐकलं ते आठवत होतो, तेवढ्यात डोळ्यात तुरीचं कुटार गेलं.

साडेआठ. पावणेनऊ. नऊ. तुराट्या निघेनात. खामगावकडे जाणारी काळीपिवळी जीप आली. सुचिताने हात केला. मी खालूनच म्हटलं, थांब, पाच मिनिटं. ती वाकली. पदराला कुटार लागलं होतं. म्हणाली, "तुमी गाडीपाशी रहा. तिले तुमची गरज हाय."

जाण्याआधी तिने टप ओढून नीट लावला. सीटवर धूळ नको म्हणून. इतकी समजूतदार बायको किती जणांना मिळते?

सव्वादोनला मेसेज आला. हजर झाले.

८ फेब्रुवारी, रविवार
सुचिता काल आली, आज गेली. पांढऱ्या गाडीत यादीतलं सगळं भरलं. शेगडी, तवा, उशी एक. मी म्हटलं, दोन ने, मी येईन तेव्हा लागेल. ती म्हणाली, "याल तवा पाहू."

अकराचं काही बोलली नाही. मी स्वतःहून विषय काढला, चूक रस्त्यावर तूर टाकणाऱ्यांची कशी आहे ते सांगितलं. तिने डबा बांधला.

निघताना माझा फोन घेऊन पांढऱ्या गाडीचं ॲप टाकून दिलं. "कुठं हाय, पोचली का, सारं यात दिसते. फोन करून विचाराचं काम नाई." मला असल्या गोष्टींत रस नाही, पण तिचा आग्रह मोडवला नाही.

१२ फेब्रुवारी
ॲप उघडून पाहिलं. निव्वळ तांत्रिक कुतूहल. "गाडी उभी आहे. दरवाजे बंद आहेत." एवढंच. याला तंत्रज्ञान म्हणतात!

लाल गाडी त्या दिवसापासून पुंजाजीच्या गॅरेजातच. त्याचा निरोप: "सर, पार्ट तं कुठंच भेटून नाई राह्यला. मी म्हणतो, अंगणात ठेवून द्या. लोकं फोटो काढतीन." कॉलेजला एसटीने. एसटीचाही स्वतःचा जिवंतपणा असतो.

२० फेब्रुवारी
ॲपवर पांढरीच्या पुढच्या डाव्या चाकात हवा एकतीस. तेहतीस हवी. सुचिताला फोन केला. ती शाळा तपासणीत होती. म्हणाली, "भरते." घसा मोकळा वाटला. विचारावं म्हटलं, तोवर फोन ठेवला होता.

रोज संध्याकाळी साडेपाचला गाडी गावाबाहेर डोंगराच्या बाजूला जाते, वीस मिनिटं थांबते, परत येते. तिथे नकाशावर काही नाही. ती काय बघत असेल? घरी तर साडेपाचला कणीक मळत असायची.

२२ फेब्रुवारी, रविवार
या शनिवारी आली नाही. तपासणीचे रिपोर्ट. ॲप दिवसातून दोनदाच बघायचं ठरवलं.

अकरा वेळा पाहिलं. नेटवर्क तपासत होतो.

२८ फेब्रुवारी, शनिवार
२.१०. गाडी सुरू! दिशा दक्षिण. येतेय. लाल गाडी कालच पुंजाजीने ट्रॅक्टरला बांधून आणून सोडली, ती ढकलून भिंतीला लावली, पांढरीला जागा हवी. घर झाडलं. बेबीताईंना भाकरी सांगितल्या. पिठलं मी टाकतो.

३.२५. शेगाव. स्टेशनजवळ थांबली आहे. पेढे घेत असेल.

५.००. अजून शेगाव. गर्दी असेल.

६.१०. गाडी निघाली. दिशा उत्तर. ॲप चुकतंय. म्हणून मी म्हणतो, यंत्रावर विसंबू नये.

७.३०. सोनाळा. गाडी उभी आहे. दरवाजे बंद आहेत.

पायलला फोन केला. मागे सुचिताच्या हसण्याचा आवाज. पायल पुण्याहून रेल्वेने शेगावला आली, दोघी दर्शन घेऊन, जेवून सोनाळ्याला गेल्या. मला का सांगितलं नाही? पायल म्हणाली, "बाबा, तुम्हाला दोनच सीटची गाडी आवडते ना." गंमत केली तिने.

पांढऱ्या गाडीत सीट पाच आहेत. तीन रिकाम्या होत्या.

१ मार्च, रविवार
सकाळी अंगणात लाल गाडीत बसलो. डाव्या बाजूला. त्या बाजूला आजवर बसलो नव्हतो. पाय कुठे ठेवायचे ते कळेना, खाली लोखंडी पट्टी गुडघ्याला लागते. सीटची एक स्प्रिंग वर आली आहे, नेमकी कमरेच्या खाली. सुचिता कधी बोलली नाही. बोलली असेल तर इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नसेल. दाराच्या खाचेत तुरीच्या चार शेंगा अडकल्या होत्या. काढल्या, खिशात ठेवल्या.

संकल्प: आजपासून ॲप बंद. डिलीटच करायचं.

९.४०. डिलीट करण्यापूर्वी एकदा पाहिलं. पुढच्या डाव्या चाकात हवा तेहतीस. भरली. मी सांगितलं होतं म्हणून. म्हणजे अजून ऐकते माझं.

१०.१५. गाडी उभी आहे. दरवाजे बंद आहेत.

१०.२०. गाडी उभी आहे.