यादीतली सातवी जागा

११ एप्रिल, शनिवार

बघण्यासारखं काय आहे म्हणे आयर्लंडच्या या लेट्रिम परगण्यात! गाव समितीने माझ्या गळ्यात काम घातलंय — कुठल्याच पुस्तकात नसलेल्या जागांची यादी. पाहुणे आपल्याला ओलांडून सरळ स्लायगोच्या समुद्रावर जातात; त्यांना थांबवायचं, पत्रक छापायचं. सव्वीस वर्षं फिरत्या वाचनालयाची गाडी चालवते म्हणून मला सगळं ठाऊक, असा समज. रस्ते ठाऊक आहेत. कुंपणांपलीकडे मी कधी पाहिलेलंच नाही.

१२ एप्रिल

हेझलच्या झाडीत एक मोठा दगड, त्याला वाटीएवढे पाच खळगे. आठ दिवस पाऊस नाही, तरी पाचही भरलेले! बोट बुडवलं आणि लगेच काढून घेतलं. कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं.

१८ एप्रिल

पॅकी मॅक्टर्ननचं घामघर पाहिलं. पॅकी त्र्याऐंशीचा. बायको नेल जाऊन चार वर्षं झाली. आता तो आणि मेंढ्या. दर पंधरवड्याला माझ्याकडून काउबॉयच्या कादंबऱ्या नेतो, पण शेतात हे आहे म्हणून कधी बोलला नव्हता. तू कधी विचारलंच नाहीस, म्हणतो.

टेकडीच्या कुशीत दगडी घुमट, वर गवत माजलेलं. लांबून नुसता उंचवटा. आत टर्फच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या, विटा पेटवायच्या, दगड तापले की निखारे ओढून काढायचे आणि सांधे धरलेल्या माणसांना आत बसवून दार बुजवायचं. त्याच्या आजोबांपर्यंत चालू होतं. दार इतकं बुटकं की रांगतच शिरावं लागतं. मी घुटमळले. "जा की आत," पॅकी म्हणाला. "शंभर वर्षांत कुणी भाजून निघालं नाही इथे."

चुना नाही, माती नाही — दगडावर दगड, प्रत्येक बोटभर आत सरकवलेला, माथ्यावर एकच फरशी. भिंतीला हात लावला तर काजळी अजून लागते! वारा एकदम बंद. माझाच श्वास मला ऐकू येत होता. किती माणसं इथे उघडी, दुखरी, गुडघे पोटाशी घेऊन बसली असतील. बाहेर येऊन गुडघ्यांवरची माती झटकली. पॅकी बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला.

१९ एप्रिल

सकाळीच पॅकीचा फोन. अजून एक जागा आहे, म्हणाला. बूट घालून ये.

शेताचा वरचा कोपरा. काटेरी झुडपं पांढऱ्या फुलांनी डवरलेली. तिथे नांगर कधी लागलेला नाही. वाकून आत शिरलो. गवतात लहान लहान दगड, ओळीने. नाव नाही, खूण नाही. चाळीसपर्यंत मोजले, पुढे मोजवेना.

कळायला वेळ लागला नाही. बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं. त्यांना चर्चच्या आवारात जागा नसायची. बापाने उजाडायच्या आत आणून पुरायचं, घरी जाऊन गप्प बसायचं. लहानपणी कुजबुज ऐकली होती. पण आपल्या गावात! त्या इवल्या दगडांमध्ये पाय कुठे ठेवावा तेच कळेना.

पॅकीने टोपी काढली, कुंपणाजवळच्या पांढऱ्या दगडाकडे बोट केलं. मुलगी. सत्तावन्न वर्षांपूर्वी त्यानेच आणली, लोण्याच्या खोक्यात. नेल अंथरुणात होती. तिला जागा सांगायची नाही, असं मोठ्यांनी बजावलेलं. पुढे तिने विचारलं नाही, याने सांगितलं नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाच कोपरा दिसतो. त्रेपन्न वर्षं ती त्या खिडकीशी भांडी घासत होती.

मी म्हटलं, काळजी करू नका, ही जागा यादीत घालत नाही.

तो जवळजवळ चिडलाच. "घाल," म्हणाला. "घाल, फिडेल्मा. तिला भेटायला अजून कुणी आलेलं नाही."

२२ एप्रिल

समितीत यादी वाचली. सातव्या जागेपाशी अडलं. सुट्टीवर आलेल्या माणसाला हे कशाला दाखवायचं, असं अध्यक्षांचं म्हणणं. मग बाकीच्या सहाही काढा, म्हटलं.

राहिली.

२३ मे

पत्रक आलं. दुकानात, पोस्टात, चर्चच्या दाराशी गठ्ठे ठेवले. पॅकीने कुंपणाला दगडी पायऱ्या बसवल्यात. एकट्याने!

३१ मे, रविवार

पॅकीच्या बोळात नऊ गाड्या. पाहुणा एकही नाही. सगळ्या आपल्याच भागातल्या म्हाताऱ्या बायका, काठ्या टेकत, लेकीसुनांचे दंड धरून. चौथ्या गाडीतून माझी आई उतरली. मला काही बोलली नव्हती. माझा हात धरून त्या झुडपांकडे पाहत राहिली.

"पहिला मुलगा होता," म्हणाली. "तू दुसरी."