तांब्याभर पाऊस

आबा, तुमची पावसाची वही माझ्या टेबलावर आहे. तुमच्या माघारी ट्रंकेतून काढली, पण विश्वास ठेवून नव्हे. उपग्रहावरून इंटरनेट पोचवायची जाळी आखणं हे माझं काम, आणि मला पगार मिळतो तो संशय घेण्याचाच. वेल्ह्याच्या डोंगरातल्या आपल्या गावच्या दवाखान्यावर डिश बसायची आहे. पुण्याचा डॉक्टर पडद्यावरून पेशंट तपासणार. जोराच्या पावसात उपग्रहाचा सिग्नल दुबळा होतो, म्हणून आपल्याकडे किती पाऊस धरायचा ते मला ठरवायचंय. कमी धरला, तर ओढ्याला पाणी येऊन रस्ता बंद पडेल त्याच दिवशी पडद्यावरचा डॉक्टरही गायब. कंपनीच्या नकाशात सगळा जिल्हा एकाच रंगाचा, त्यावर माझा भरवसा नाही. तुमच्या आकड्यांवर तर लहानपणापासून नाही.

माळावरच्या सरकारी पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी मोजायचं काम त्या वेळी तुमच्याकडे. पण मी बघते तेव्हा तुम्ही चुलीपुढे बसून वही लिहीत असता, सदरा कोरडा, शेजारी चहाची कपबशी. मी विचारते, "आबा, तुमी घरात बसूनच लिवता व्हय?" मान वर न करता तुम्ही म्हणता, "मोजल्याबिगार म्या कदी लिवत न्हाई. जा, शेरडं सोड." मला ते पटलं नाही. पुढे श्रावणात उघडीप होती आणि तुम्ही तापानं फणफणला होतात. त्या संध्याकाळी मी माळावर गेले आणि मापकात तांब्याभर पाणी ओतलं. उद्या वहीत काय येतं ते बघू, म्हटलं. पण वही बघायला मिळालीच नाही. थोड्याच दिवसांत तुम्ही ती ट्रंकेत कुलपात ठेवायला लागलात, आणि माझी खात्रीच झाली.

काल ते पान सापडलं. भाटघर धरणावरच्या नोंदीत त्या दिवशी थेंब नाही. तुमच्या वहीत मात्र भरपूर पाऊस, कापऱ्या अक्षरात, आणि पुढे लिहिलंय, "दोनदा मोजले." त्याखाली तपासायला आलेल्या साहेबांची लाल शाई: "घरी बसून आकडे लिहू नयेत." म्हणजे अंगात ताप असताना तुम्ही माळावर गेला होतात, आबा. आणि वही कुलपात गेली ती या लाल शाईच्या लाजेनं. मला रात्रभर फार वाईट वाटत राहिलं.

तुमचे सगळे आकडे मी आराखड्यात घेतलेत. तो एक तेवढा वगळला. वगळला की कारण लिहावं लागतं, तिथं मी "मोजणीत चूक" असं लिहिलं. हे पत्र त्याच पानात घडी घालून ठेवतेय. मोजणारा चुकला नव्हता, हे मी ऑफिसात अजून कुणाला सांगितलेलं नाही.