ज्यांच्यात बदल नाही, त्यांची नोंद नाही

प्रति,
मा. व्यवस्थापक,
तापी खोरे बियाणे तपासणी मंडळ,
मुख्य कार्यालय, धुळे.

विषय : जळगाव येथे झालेली विनंती बदली रद्द करणेबाबत.
संदर्भ : १) अर्जदाराचे बदलीसाठीचे सात अर्ज. २) आपला आदेश दि. ३ नोव्हेंबर १९९८.

महोदय,

अर्जदार सुनंदाबाई रुपचंद पाटील, कनिष्ठ लिपिक, ही आपल्या आस्थापना शाखेत एकोणीस वर्षे काम करते व संगणक आल्यापासून तोही सांभाळते. तिचे पती जळगावात, पिंप्राळ्याला, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले होते. मूलबाळ नाही. आठवडाभर शेजारच्या भागाबाई त्यांना पाणी पाजत आणि रविवारी अर्जदार एसटीने जाऊन येई. म्हणून तिने जळगाव शाखा मागितली होती, दुसरे काही नाही.

संगणकात दोनशे चौदा कर्मचाऱ्यांची माहिती होती. दर शनिवारी अर्जदार ती सगळी बाहेरच्या ड्राइव्हच्या डिस्कवर उतरवून घेई आणि इतर दिवशी फक्त त्या दिवसाचे बदल. सगळी उतरवायला दोन तास लागत. ड्राइव्ह प्रिंटरच्याच वायरवर असल्याने तेवढा वेळ छपाई बंद. गेल्या वर्षीच्या सुरुवातीला एका शनिवारी साहेबांचे सत्काराचे भाषण अडकले आणि सोमवारी लेखी आदेश आला, की तेच ते पुन्हा पुन्हा भरण्याचे कारण नाही, यापुढे फक्त बदल घ्यावेत. पूर्ण प्रत हा पाया आहे, नुसत्या बदलांवर काही उभे राहत नाही, अशी टिपणी अर्जदाराने ठेवली. त्या टिपणीला जावक क्रमांकही मिळाला नाही.

पुढच्या जानेवारीत जुने अभिलेख नष्ट करण्याची मोहीम निघाली. वर्ष उलटलेले ते ड वर्ग, म्हणजे नष्ट करायचे, हा नियम. पूर्ण प्रतीच्या डिस्कला वर्ष उलटले होते. जुन्या रजेच्या अर्जांबरोबर तीही कार्यालयामागे जाळली, आणि नष्ट केल्याच्या यादीवर सही अर्जदाराचीच घेतली. तिने सही केली, ही तिची चूक तिला मान्य आहे.

मे महिन्यात संगणक बंद पडला आणि आतली माहिती पुसली गेली. डिस्कांवरून परत आले ते फक्त बदल, म्हणजे एकसष्ट माणसे : जी वारली, ज्यांची बदली झाली, लग्न झाले किंवा ज्यांच्यावर ठपका आला. मान खाली घालून काम करणारे एकशे त्रेपन्न गेले, त्यांत अर्जदारही. शिपाई हिलाल यादी वाचून म्हणाला, "बाई, ज्या मरनात त्याच यादीमा शेतस." मेलेले यादीत होते; स्वतः हिलाल नव्हता.

बदल्या संगणकाच्या यादीवरूनच होतील, असे परिपत्रक निघाले. अर्जदाराने सेवापुस्तक दाखवले. ते हस्तलिखित असल्याने ग्राह्य नाही असे उत्तर मिळाले. धुळ्यातच, देवपुरात, तिने मुद्दाम खोली बदलली व पत्ताबदलाचा अर्ज दिला; पूर्वीचा पत्ता संगणकात आढळत नाही म्हणून तो परत आला. शेवटी तिने लाज सोडून लिहिले, की आपल्यावर एखादा किरकोळ ठपका ठेवावा, म्हणजे नोंद होईल. यादीत नाव नसलेल्यावर कारवाई करता येत नाही, असे आपण कळवलेत. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणे. इथे संन्याशाला तेवढेही मिळाले नाही.

शुक्रवार, ११ सप्टेंबर रोजी अर्जदार आपल्या कार्यालयात इतरांची बदली यादी टंकित करत असताना तिचे पती पिंप्राळ्यात वारले. भागाबाई सांगतात, दुपारी त्यांनी दोनदा विचारले, "आज रविवार शे का?"

वारसाचे नाव कमी करण्यासाठी अर्जदाराने मृत्यूचा दाखला दिला. मृत्यूच्या नोंदीला पूर्वीचे काही लागत नाही, त्यामुळे ती त्याच दिवशी झाली आणि अर्जदाराचे नाव यादीत आले. मग तिचे सातही अर्ज विचारात घेण्यात आले. आदेशात तिच्या नावापुढे एका ओळीत छापले आहे : वैवाहिक स्थिती, विधवा, बदलीचे कारण, पती-पत्नी एकत्रीकरण.

हा आदेश रद्द करावा. ही बदली हिलालच्या जळगावातल्या म्हाताऱ्या आईचा विचार करून त्याला द्यावी. त्याच्याही घरात कोणी मरेपर्यंत थांबू नये. आणि शनिवारी दोन तास प्रिंटर बंद ठेवण्याची परवानगी द्यावी.

अर्जदारास आता जळगावला कोणाकडे जायचे नाही.

आपल्या यादीतील,
(सही) सुनंदाबाई रुपचंद पाटील
धुळे, दि. ९ नोव्हेंबर १९९८

सोबत : आदेशाची प्रत, मृत्यूचा दाखला, सात अर्जांच्या पोचपावत्या.