लेन्स माझी, कॅमेराही माझाच

२ मार्च
फिल्मच्या जमान्यातली लेन्स नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसली. टक्क आवाज झाला. लेन्स दुसऱ्या कंपनीची, पण बसली म्हणजे चालणारच. ही म्हणाली, रविवारी फोटोग्राफर बोलावू या. मी म्हटलं, मग मी काय मेलोय? ती स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

३ मार्च
घर विकल्यापासून दादा आणि धाकटा एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पुढच्या महिन्यात आईचं ऑपरेशन. त्याआधी तिला आम्हा तिघांबरोबर एक फोटो हवाय. दादाने हिला फोनवर सांगितलं, येईन, एक फोटो काढून घेईन, निघेन. मला एकच पुरे.

४ मार्च
टेस्ट घेतली. हिचं नाक एकदम स्पष्ट आलं. कान जरा धूसर. कलात्मक! लेन्सचं तोंड पूर्ण उघडं होतं. चौघं स्पष्ट यायला ते बारीक करावं लागेल. ऐनवेळी करू.

६ मार्च
लेन्सचं तोंड बारीक केलं. स्क्रीनवर एरर, कॅमेरा ठप्प. बॅटरी काढून घातली, सुरू झाला. बारीक केलं, पुन्हा ठप्प. दुरुस्तीवाला म्हणाला, या लेन्सच्या चिपला नव्या कॅमेऱ्याचे हुकूम कळत नाहीत, लेन्स तोंड पूर्ण उघडं असेल तरच चालणार. त्याला नवी विकायचीय, दुसरं काय. घरी येऊन खोडरबराने लेन्सचे काँटॅक्ट, म्हणजे मागचे पितळी ठिपके, घासले. चकाकतायत. छातीत धडधडतंय. चहा कमी केला पाहिजे.

७ मार्च
हिने विचारलं, जमलं का? मी म्हटलं, शंभर टक्के. पुन्हा टेस्ट घेतली नाही. लेन्सवर विश्वास हवा.

८ मार्च, दुपारी
बाथरूममध्ये बसून लिहितोय. दादाने बूटसुद्धा काढलेले नाहीत. खाली टॅक्सी थांबवून ठेवलीय. आई खुर्चीत, मागे ते दोघे, एक दाराकडे बघतोय, एक खिडकीकडे. मधे माझी जागा. टायमर लावून धावत जाऊन उभा राहिलो. एरर. बॅटरी. धावलो. एरर. दादाने घड्याळ बघितलं. आईचा पदर तिसऱ्यांदा सारखा करून झाला. काँटॅक्ट पुन्हा घासतोय. दादा गेला तर आईला काय सांगू?

८ मार्च, संध्याकाळी
बाहेरून हसणं ऐकू आलं. दादा धाकट्याला सांगत होता, हा लहानपणी रेडिओही असाच उघडून बसायचा. धाकटा म्हणाला, आणि उरलेले स्क्रू माझ्या खिशात टाकायचा. विषय मी होतो, पण बोलले. बाथरूमचं दार किलकिलं केलं, तर आई डोळे पुसत हसत होती. हिने तेवढ्यात मोबाईलवर फोटो काढला. दादाने टॅक्सी सोडली, बूट काढले, जेवायला थांबला. मला बरं वाटलं. लेन्सचं नंतर बघू.

१० मार्च
आईने तो फोटो मोठा करून पलंगासमोर लावून घेतला. सकाळपासून बघतेय. म्हणाली, सगळी मुलं कशी छान आलीत. मी म्हटलं, आई, यात मी नाही. तिने चष्मा लावला, जवळ जाऊन नीट पाहिलं आणि म्हणाली, खरंच की.