व्याह्यांच्या कॉम्प्युटरचं निदान

अमरावती, मेअखेर

आदरणीय व्याहीबुवा खुशालराव यांस,

अमरावतीहून दोन्ही हात जोडून नमस्कार. (हातांना कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरचा लेप लागला आहे, तेव्हा कागदावर पांढरा डाग दिसल्यास दही समजू नये.) विहीणबाईंची कंबर आता कशी आहे? आमची ज्योत्स्ना तुमच्याकडे सुखात असेलच. हे सारे फोनवरही सांगता आले असते, पण तुमचा फोन तीच उचलते.

पत्रास कारण, तुमच्या कृषी केंद्राचा तो सारखा बंद पडणारा कॉम्प्युटर. भर पंगतीत मीच म्हणालो होतो की तुमचा तो जुबेर मेकॅनिक न तपासताच पार्ट बदलतो. खरे शास्त्र म्हणजे आधी निदान, मग पार्ट. (हे शास्त्र मी कोणाकडे शिकलेलो नाही. ते आता घरात सर्वांच्या लक्षात येऊन राहिले आहे.) बियाण्यांची गर्दी सुरू व्हायच्या आत दुरुस्त करून देतो, असा शब्दही मीच दिला. ज्योत्स्ना वाढता वाढता थांबून म्हणाली, "बाबा, राहू द्या नं." मी तिला भाजी वाढायला सांगितले.

कॉम्प्युटरसोबत तुमचा एक्स्टेंशन बोर्डही मी उचलून आणला, हे आठवत असेल. रोगी आणायचा तर पलंगासकट आणावा, लक्षणे बदलता कामा नयेत, हा माझा कटाक्ष. घरी तुमच्या दुकानातल्याप्रमाणेच त्या बोर्डावर कूलरही लावला. कॉम्प्युटर लगेच बंद पडला. मला फार समाधान वाटले.

मग तपासणी. आतला बारीकसा आवाजही कान देऊन ऐकावा लागतो, म्हणून कूलर बंद केला. रॅम बदलली, कॉम्प्युटर सुरळीत. म्हणजे रॅमच! खुशीत कूलर लावून आडवा झालो, तर हा पुन्हा बंद. कूलर बंद करून पॉवर सप्लाय बदलला, सुरळीत. कूलर लावला, बंद. (संबंध माझ्या ध्यानात आला नाही, कारण त्या वेळी मी घाम पुसत असे.) मदरबोर्डही बदलून झाला. शेवटी सौ. सत्यवती भर तपासणीत आत आल्या. "कावून उकडून मारून राहिले जी आमाले? लोकायच्या डब्ब्यापायी घरच्यायनं मरावं काय?" म्हणत त्यांनी कूलरचे बटण दाबले, आणि माझ्या डोळ्यांदेखत कॉम्प्युटरने मान टाकली.

दोष बोर्डात होता. आतली पट्टी ढिली. कूलरने वीज ओढली की कॉम्प्युटर उपाशी. तुमच्या कॉम्प्युटरला कधी काही झालेच नव्हते. म्हणजे निदान अचूक निघाले, फक्त पार्ट आधी बदलले गेले. दुसऱ्याची वस्तू जशी आणली तशीच परत करावी, म्हणून तुमचे सगळे जुने पार्ट मी स्वहस्ते पुन्हा बसवले आहेत.

घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
दिवाकर

ता. क. जुने पार्ट बसवल्यापासून तो सुरूच होत नाही. न्यायला याल तेव्हा जुबेरला सोबत आणावे. गाडी चालवायला आला, असे सांगू. मी चहा करायला आत जाईन, तेवढ्यात त्याने बघून घ्यावे. ज्योत्स्नाला कळू देऊ नये. आणि न तपासता काही बदलू नको, एवढे त्याला बजावावे.

आणखी ता. क. व्याहीभाऊ, मी सत्यवती. पत्र टाकाले माह्याच जवळ देलं, म्हणून लिहून राहिली. जुबेरभाऊले ज्योत्स्नाच घेऊन येऊन राहिली, आमचं कालच ठरलं. तुमी नुसते जेवाले या. आमच्या ह्यायले मात्र यातलं काही सांगू नका. कधी नाई ते चहा करतो म्हणते, करू द्या.