डंडीचे माग, कलकत्त्याचे माग

डंडी, १२ मार्च १८९४
भावाला, फर्गसला विचारलं! आमच्या गिरणीच्या भागीदारांनी कलकत्त्याला तागाची नवी गिरणी काढलीय. माग उभे करायला मिस्त्री हवा.
तो मात्र तोंड पाडून बसलेला. "मोराग, तुझ्याच पोटावर पाय आणू का गं?"
"वेडा आहेस! बंगालची पोती बंगालात खपतील. बहीण म्हणून सांगते, जा."

१३ मार्च
डंकन बटाटे सोलता सोलता म्हणाला, "इथं गिरणीला बायका स्वस्त, म्हणून आम्ही नवरे घरी. तिकडं तर बाप्येच तुझ्याहून स्वस्त! ये, शेजारी बस. सुरी आहे दुसरी."
खूप हसलो.

२ एप्रिल
गेला. घर भकास वाटतंय.

१८ सप्टेंबर १८९५
पुन्हा मजुरी कापली. म्हातारे मालक मागापाशी थांबून "पोरं बरी आहेत ना?" विचारायचे. कापायचे तेही, पण तोंडावर सांगून. मुलानं त्यांच्यामागे हिस्से विकून टाकले. आता मालक कोण, म्हणून मुकादमाला विचारलं. "मला तरी कुठं ठाऊक! लंडनहून हुकूम येतो, मी वाचून दाखवतो."

४ नोव्हेंबर
गिरणीच्या गोंगाटात आम्ही हातांनीच बोलतो. आज इसोबेलनं पलीकडच्या मागावरून खुणा केल्या — ऑस्ट्रेलियावाले आता कलकत्त्याचीच पोती घेतात. मग बोट माझ्याकडे. तुझ्या भावाचे उपकार!
सुट्टी झाल्यावर तिनं बंदराच्या धक्क्यावरून आणलेलं कलकत्त्याचं एक पोतं दाखवलं. उलटसुलट करून पाहिलं. खोट काढायची होती. वीण घट्ट, काठ सरळ — फर्गसनं बसवलेला माग असाच चालतो. चांगलं होतं मेलं!

५ नोव्हेंबर
झोप नाही. तिकडच्या विणकऱ्यांना शिव्या द्याव्यात म्हटलं, तर येईनात. त्यांना तरी कोण विचारतं, पोरं बरी आहेत ना?
डंकन म्हणतो, "तू अडवलं असतंस, तर दुसरा कुणी गेला असता."
खरंय. पण तो दुसरा असता!

२० फेब्रुवारी १८९६
इसोबेल खुणा करत नाही. मान खाली घालून विणते.

९ मे
फर्गस आला! रापलाय, वाळलाय. मी मिठी मारली, तो तसाच उभा.
"रजेवर आलास?"
"नाही गं. कंपनीनं धाडलंय. तुमचं विणाईचं खातं बंद होतंय. सोमवारपासून इथले माग उतरवून पेट्यांत भरायचे — तिकडं न्यायला."
"माझाही माग?"
त्यानं होकाराची मान हलवली.
त्याचं अंथरूण चुलीजवळ घातलंय. तिथं ऊब असते.